थकलेले बिल आणि उघडे दार: स्वीडन–उत्तर कोरिया संबंधांचे प्रकरण

उत्तर कोरियात एखादा अमेरिकन नागरिक पकडला गेला, तर त्याला भेटायला जाणारा अधिकारी बहुधा स्वीडिश असतो. अमेरिकेचे आणि उत्तर कोरियाचे राजनैतिक संबंध कधी जुळलेच नाहीत, त्यामुळे प्योंगयांगमध्ये अमेरिकेचा दूतावास नाही. ते काम स्वीडन करते. आणि याच उत्तर कोरियाकडे स्वीडनची पन्नास वर्षांची उधारी थकली आहे, त्यांचे राजदूत एकदा स्टॉकहोममध्ये दारू-सिगारेटच्या तस्करीत अडकले होते, आणि संयुक्त राष्ट्रांचे व युरोपीय संघाचे सगळे निर्बंध स्वीडन काटेकोरपणे पाळते. संबंध चांगले आहेत म्हणून दूतावास आहे, असे इथे मुळीच नाही. संबंध बिघडलेले असताना दूतावास न हलवण्याचा निर्णय अनेकदा घेतला गेला. त्यातून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे या प्रकरणात तपासायचे आहे.

पानमुनजोमची पेटी

ओळख १९५३ पासूनची आहे. २७ जुलै १९५३ रोजी कोरियन युद्धाचा शस्त्रसंधी झाला. त्याच्या देखरेखीसाठी तटस्थ राष्ट्रांचा पर्यवेक्षण आयोग नेमला गेला. दक्षिणेच्या बाजूने स्वीडन आणि स्वित्झर्लंड, उत्तरेच्या बाजूने पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. त्याच वेळी युद्धकैद्यांसाठी वेगळा आयोग होता. त्यात हेच चार देश आणि अध्यक्ष म्हणून भारत, म्हणजे जनरल के. एस. थिमय्या. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरचे. स्वीडिश अधिकारी तेव्हा थिमय्या आणि थोरात यांच्यासोबत एकाच कामावर होते. मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही.

शीतयुद्ध संपल्यावर उत्तर कोरियाने १९९३ मध्ये चेक तुकडीला आणि १९९५ मध्ये पोलिश तुकडीला बाहेर काढले. आयोगच आता उरला नाही, अशी त्यांची भूमिका झाली. स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे प्रत्येकी पाच अधिकारी मात्र दोन्ही कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजोमच्या दक्षिण अंगाला आजही तैनात आहेत. आयोगाच्या बैठकीच्या खोलीत उत्तर कोरियाच्या सैन्यासाठी एक टपालपेटी आहे. अहवाल तयार होतो, पेटीत टाकला जातो आणि तिथेच पडून राहतो, कारण तो न्यायला कोणी येत नाही. तरीही पुढचा अहवाल टाकला जातोच. स्वीडनची पुढची सगळी वागणूक या पेटीसारखीच आहे. समोरचा उत्तर देत नाही म्हणून आपण आपले काम थांबवायचे नाही.

हजार गाड्या

एप्रिल १९७३ मध्ये स्वीडनने उत्तर कोरियाला मान्यता दिली. १९७५ मध्ये प्योंगयांगमध्ये दूतावास उघडला. तिथे दूतावास उघडणारा हा पहिलाच पाश्चात्त्य लोकशाही देश. यामागे राजकारण होते तसा व्यापारही होता. उत्तर कोरियाला पाश्चात्त्य यंत्रसामग्री हवी होती. शिसे, जस्त यांसारखी खनिजे विकून आपण पैसे फेडू, असा त्यांचा हिशोब होता. स्वीडिश कंपन्यांनाही नवी बाजारपेठ दिसत होती. अ‍ॅटलस कॉप्कोसारख्या कंपन्यांची यंत्रे गेली आणि १९७४ मध्ये व्होल्वोच्या १४४ मॉडेलच्या एक हजार गाड्या जहाजातून रवाना झाल्या.

त्यानंतर पैसे यायचे थांबले. तेलसंकटाने यंत्रे महागली, खनिजांचे भाव १९७४ नंतर कोसळले आणि उत्तर कोरियाकडे परकीय चलनच उरले नाही. ज्या ज्या पाश्चात्त्य देशांनी उधारीवर माल दिला होता, त्या सगळ्यांचे हप्ते थकले.

‘व्होल्वो कंपनीला फसवले’ असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही, आणि का नाही हे कळले की पुढचे सगळे कळते. स्वीडनमध्ये निर्यात पतहमीचे सरकारी मंडळ आहे. निर्यातदार हमीशुल्क भरतो आणि उधारीवर माल पाठवतो. खरेदीदाराने पैसे बुडवले तर मंडळ निर्यातदाराला भरपाई देते आणि वसुलीचा हक्क स्वतःकडे घेते. हप्ते थकल्यावर तेच झाले. कंपन्यांचे पैसे सुटले आणि कर्ज दोन सरकारांमधले झाले. म्हणून तगादा लावतो तो गाडी विकणारा नाही, स्वीडिश राज्य. आणि म्हणूनच हा विषय प्रत्येक राजनैतिक भेटीच्या मागे कुठेतरी असतोच.

मंडळ दर सहा महिन्यांनी थकबाकीचे पत्र पाठवते. मुद्दल लहान होते, पण व्याज चढत गेले. २०१७ च्या सुमारास रक्कम सुमारे २.७ अब्ज स्वीडिश क्रोनरवर पोहोचली होती, म्हणजे बत्तीस कोटी डॉलरच्या आसपास. उत्तर येत नाही. मग पत्र कशासाठी? पहिले कारण हक्क जिवंत ठेवणे. स्वीडिश कायद्यात सर्वसाधारण कर्जाची मुदत दहा वर्षांची असते आणि ऋणकोला लेखी आठवण दिली की ती नव्याने मोजली जाते. सावकार म्हणून नियमित तगादा ही रुळलेली पद्धत आहे. दुसरे कारण वाटाघाटीचे आहे. उद्या निर्बंध उठले आणि उत्तर कोरियाला पुन्हा पतपुरवठा हवा झाला, तर जुने खाते मिटवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तेव्हा हा कागद कामाला येईल.

कर्ज माफ का केले नाही, हाही प्रश्न रास्त आहे. रशियाने २०१२ मध्ये सोव्हिएत काळच्या सुमारे ११ अब्ज डॉलरपैकी ९० टक्के रक्कम सोडून दिली. पण रशियाला त्या बदल्यात वायुवाहिनी आणि रेल्वेमार्गाची आशा होती. चेक प्रजासत्ताकाला २०१० मध्ये उत्तर कोरियाने थकबाकीचा काही भाग जिनसेंग या औषधी वनस्पतीच्या मुळ्या देऊन फेडण्याचा प्रस्ताव दिला होता. त्यावरून त्यांच्याकडे रोख चलनाची किती चणचण होती हे कळते. स्वीडनने माफी दिली असती तर बदल्यात मागण्यासारखे काही नव्हते, आणि प्योंगयांगच्या दृष्टीने थकबाकी बुडवणे खपते हा धडा पक्का झाला असता. आज तर त्यांनी पैसे द्यायचे ठरवले तरी वाट सोपी नाही. त्यांच्या परकीय व्यापार बँकेवर अमेरिकेने २०१३ मध्ये आणि सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०१७ मध्ये निर्बंध घातले.

२०१६ मध्ये प्योंगयांगच्या स्वीडिश दूतावासाने एका गाडीचा फोटो ट्विटरवर टाकला होता. ईशान्य किनाऱ्यावरच्या चोंगजिन शहरात १९७४ च्या तुकडीतली एक व्होल्वो टॅक्सी म्हणून धावत होती. मीटरवर जवळजवळ पाच लाख किलोमीटर. पैसे अजून आलेले नाहीत, हेही दूतावासाने त्या दोन ओळींतच नोंदवले.

१९७६: तोडायचे की ठेवायचे

खरी कसोटी दूतावास उघडल्यावर वर्षभरातच आली. ऑक्टोबर १९७६ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड आणि स्वीडन या चारही देशांत उत्तर कोरियाचे राजनैतिक अधिकारी दारू आणि सिगारेटच्या चोरट्या विक्रीत सापडले. डेन्मार्कमध्ये हशीशही मिळाले. राजनैतिक सवलतीत करमुक्त माल आणायचा आणि काळ्या बाजारात विकायचा, असा हा प्रकार होता. त्यामागचे कारण वर सांगितलेलेच: चलन नव्हते. परदेशातल्या दूतावासांनी स्वतःचा खर्च स्वतःच भागवावा, अशी अपेक्षा होती. अधिकाऱ्यांची हकालपट्टी झाली, राजदूतांना परत जावे लागले.

तेव्हा प्योंगयांगचा दूतावास बंद करायला स्वीडनकडे भक्कम निमित्त होते. पैसे थकलेले, राजदूत तस्करीत, व्यापार ठप्प, आणि तिथली नेमणूक अत्यंत खडतर. तरी दूतावास राहिला, माणसे कमी केली पण कुलूप लावले नाही. बंद केलेला दूतावास पुन्हा उघडायला यजमान देशाची संमती लागते, आणि प्योंगयांगसारख्या ठिकाणी ती कधी मिळेल याची हमी नसते. चालू दूतावास रडतखडत ठेवणे स्वस्त पडते. आमच्या मते या पन्नास वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. त्याचे फळ दिसायला मात्र १९९५ उजाडावे लागले.

चार दिवस आणि दोन दिवस

१९६१ चा व्हिएन्ना करार सांगतो की यजमान देशाची संमती असेल तर एक देश दुसऱ्याच्या हितसंबंधांची आणि नागरिकांची काळजी घेऊ शकतो. अशा देशाला संरक्षक सत्ता म्हणतात. वाणिज्य दूतांविषयीचा १९६३ चा करार सांगतो की परदेशी नागरिकाला अटक झाली आणि त्याने मागणी केली तर त्याच्या देशाला ‘विनाविलंब’ कळवावे. अडचण याच शब्दात आहे. विनाविलंब म्हणजे किती, हे कोण ठरवणार?

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात हंगामी वाणिज्य संरक्षण करार झाला. त्यात आकडे घातले गेले. अटकेनंतर चार दिवसांत स्वीडिश दूतावासाला कळवायचे, आणि दूतावासाने भेट मागितल्यापासून दोन दिवसांत भेट द्यायची. कागद म्हणून हा करार मूळ व्हिएन्ना करारापेक्षा नेमका आहे.

प्रत्यक्षात कामाचा क्रम असा चालतो. अटकेची बातमी कधी उत्तर कोरियाचे परराष्ट्र मंत्रालय देते, कधी सहलीहून परतलेले सोबती देतात, कधी सरकारी वृत्तसंस्थेतूनच कळते. स्वीडिश दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला नोट व्हर्बाल पाठवतो, म्हणजे तृतीयपुरुषी भाषेतले, स्वाक्षरी नसलेले औपचारिक पत्र. त्यात करारातल्या कलमाचा हवाला आणि भेटीची मागणी असते. उत्तर नाही आले तर पुन्हा पत्र, पुन्हा भेटीची विनंती. भेट मिळाली की कोरियन अधिकारी खोलीत बसलेले असतात, त्यामुळे खटल्याविषयी मोकळे बोलता येत नाही. प्रकृती कशी आहे, औषध मिळते का, घरचे पत्र पोहोचले का, एवढेच विचारता येते. ही माहिती वॉशिंग्टनला जाते. कैद्याने गोपनीयतेचा हक्क लेखी सोडून दिलेला नसेल, तर अमेरिकन परराष्ट्र खाते ती जाहीर करू शकत नाही. अशा वेळी सरकार गप्प आहे असे लोकांना वाटते, पण बरेचदा हात या कागदाने बांधलेले असतात.

रोजचा खर्चही साधा नाही. निर्बंधांच्या ठरावांत दूतावासांच्या कामापुरत्या व्यवहारांना सूट आहे, पण जगातल्या बँका धोका नको म्हणून उत्तर कोरियाशी जोडलेला व्यवहारच हाती घेत नाहीत. परिणामी पाश्चात्त्य दूतावासांना रोकड पेटीत घालून चीनहून आणावी लागते. जागा मुनसू भागात, जुन्या पूर्व जर्मन दूतावासाच्या आवारात. जर्मनी, ब्रिटन आणि स्वीडन तिथे शेजारी-शेजारी.

एकच करार, दोन कैदी

कराराची ताकद आणि मर्यादा पाहायची तर दोन प्रकरणे शेजारी ठेवावीत. कोरियन वंशाचे अमेरिकन धर्मप्रचारक केनेथ बे नोव्हेंबर २०१२ मध्ये पकडले गेले आणि त्यांना १५ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. दोन वर्षांच्या कैदेत स्वीडिश अधिकारी त्यांना अनेकदा भेटले. त्यांची ढासळती प्रकृती बाहेर कळत राहिली, ते श्रमछावणीत आहेत की इस्पितळात याचा पत्ता राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते सुटले.

ओटो वार्मबियर हा व्हर्जिनिया विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी. २ जानेवारी २०१६ रोजी प्योंगयांग विमानतळावर पकडला गेला. हॉटेलातला प्रचारफलक चोरायचा प्रयत्न केला, हा आरोप. अटकेची जाहीर घोषणा २२ जानेवारीला झाली. स्वीडिश प्रतिनिधीची भेट २ मार्चला, आणि १६ मार्चला १५ वर्षांची शिक्षा. त्यानंतर दूतावासाने वारंवार मागूनही भेट मिळाली नाही. दोन दिवसांचे कलम होते, पण ते मोडल्यावर दाद मागायला जागा नव्हती. न्यायालय नाही, दंड नाही, करार पाळणारा तोच आणि मोडणारा तोच.

पुढची वाट वेगळ्याच दारातून निघाली. मे २०१७ मध्ये ओस्लोत अमेरिकेचे विशेष प्रतिनिधी जोसेफ युन उत्तर कोरियाच्या अधिकाऱ्यांना भेटले. तिथे सर्व अमेरिकन कैद्यांना स्वीडिश अधिकाऱ्यांनी भेटावे असे ठरले. जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या उत्तर कोरियाच्या प्रतिनिधीने युन यांना सांगितले की वार्मबियर बेशुद्धावस्थेत आहे. १३ जूनला त्याला मायदेशी नेले, १९ जूनला तो गेला. पंधरा महिने त्याच्या आईवडिलांना त्याच्या प्रकृतीची खरी कल्पना नव्हती. या प्रकरणातली ही सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे, आणि तिचा दोष स्वीडिश दूतावासावर ठेवणे अन्यायाचे आहे. भेट देणे-न देणे तुरुंगाच्या चाव्या ज्याच्याकडे त्याच्याच हाती होते.

फरक कशामुळे पडला? एकाच करारात, त्याच दूतावासाकडून एकाला भेटी मिळतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत, तेव्हा कारण करारात शोधून उपयोग नाही. वार्मबियरची अवस्था शिक्षेनंतर लवकरच बिघडली होती, आणि ती दिसू द्यायची नव्हती, हे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण. यावरून काम करणाऱ्यांनी घ्यायची खूण स्पष्ट आहे: भेटी अचानक बंद झाल्या तर तो नुसता आडमुठेपणा न समजता प्रकृतीविषयीचा धोक्याचा इशारा समजावा आणि मागणी त्याच दिवशी वरच्या पातळीवर न्यावी.

सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकन पारपत्रावर उत्तर कोरियात जायला बंदी आहे. ती दरवर्षी वाढवली जाते.

यजमानाची भूमिका

२०१८–१९ मध्ये स्वीडनला मोठी संधी मिळाली. मार्च २०१८ मध्ये उत्तर कोरियाचे परराष्ट्रमंत्री री योंग हो स्टॉकहोमला आले. जानेवारी २०१९ मध्ये शहराबाहेरच्या एका परिषदगृहात दोन्ही कोरिया आणि अमेरिकेचे अधिकारी तीन दिवस एकत्र होते. जुलै २०१९ मध्ये एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी प्योंगयांगमधून सुटला, तेव्हा स्वीडनचे विशेष दूत केंट हार्स्टेड तिथेच होते. ५ ऑक्टोबरला स्टॉकहोमजवळच्या लिडिंगो बेटावर अमेरिकेचे स्टीफन बीगन आणि उत्तर कोरियाचे किम म्योंग गिल बसले. साडेआठ तासांनी किम यांनी चर्चा फिसकटल्याचे जाहीर केले. दोन आठवड्यांनी पुन्हा या, हे स्वीडनचे निमंत्रण अमेरिकेने स्वीकारले, उत्तर कोरियाने नाही. यजमानाला खोली, सुरक्षा आणि वेळ देता येतो. मतभेद निर्बंधशिथिलतेवर होते, आणि ते देणे स्वीडनच्या हातात नव्हते.

माणसे नसलेला दूतावास

जानेवारी २०२० च्या अखेरीस उत्तर कोरियाने कोविडमुळे सीमा बंद केल्या. बदलीचे अधिकारी आत येऊ शकत नव्हते, राजनैतिक टपाल अडले, साठा संपत गेला. मार्चमध्ये विशेष विमानाने जर्मनीचे लोक गेले, मे महिन्यात ब्रिटनचे. स्वीडिश अधिकारी ऑगस्ट २०२० मध्ये निघाले. इमारत राहिली, राजनैतिक नोंद राहिली, माणसे गेली.

१८ जुलै २०२३ रोजी ट्रॅव्हिस किंग हा अमेरिकन सैनिक पानमुनजोमच्या सहलीतून धावत उत्तरेकडे गेला. तेव्हा प्योंगयांगमध्ये कोठडीपर्यंत जाऊ शकेल असा एकही स्वीडिश अधिकारी नव्हता. संयुक्त राष्ट्र कमांडचा (दक्षिणेतल्या अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या लष्करी मुख्यालयाचा) सीमेवरचा दूरध्वनी, न्यूयॉर्क आणि स्टॉकहोम असे तिन्ही मार्ग एकाच वेळी वापरले गेले. उत्तर कोरियाने जाहीरपणे पहिला शब्द उच्चारला तो १६ ऑगस्टला, म्हणजे चार दिवसांच्या जागी एकोणतीस दिवसांनी. सप्टेंबरच्या अखेरीस हकालपट्टी ठरली, तेव्हा मात्र स्वीडनच उपयोगी पडले. स्वीडिश अधिकाऱ्यांनी त्याला उत्तर कोरियातून ताब्यात घेऊन सीमेपलीकडे चीनच्या दानदोंग शहरात आणले आणि तिथे अमेरिकन राजदूत निकोलस बर्न्स यांच्याकडे सोपवले. ७१ दिवस. स्वीडनच्या अधिकाऱ्याच्या हाती माणूस देणे प्योंगयांगला चालते, अमेरिकनाच्या हाती थेट देणे अवघड जाते. १९७६ मध्ये न लावलेल्या कुलपाचा हा उपयोग.

सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीडनचे राजदूत पुन्हा प्योंगयांगला पोहोचले. कोविडनंतर परतणारे ते पहिले पाश्चात्त्य राजदूत. वर्षअखेरीस पोलंडही आले. पण २०२० मध्ये सोडलेले गाव आणि हे गाव एक नाही. स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत दाखल झाले. उत्तर कोरियाने युक्रेन युद्धात रशियाच्या बाजूने सैन्य पाठवले. ज्या तटस्थतेमुळे १९५३ मध्ये स्वीडनला पानमुनजोमला जागा मिळाली, ती आता औपचारिकरीत्या संपली आहे. तरीही प्योंगयांगने व्हिसा दिला. मध्यस्थाच्या तटस्थतेपेक्षा त्याची जुनी ओळख त्यांना जास्त मोलाची वाटत असावी. एवढी वर्षे गाडीचे पैसे मागत राहिलेला, पण कधी निघून न गेलेला माणूस त्यांच्या परिचयाचा आहे.

परतलेल्या राजदूतांसमोर बारीकसारीक कामे होती. चार वर्षे बंद राहिलेल्या इमारतीची दुरुस्ती, रोकड आणण्याचा मार्ग नव्याने बसवणे, परराष्ट्र मंत्रालयातल्या बदललेल्या माणसांशी पहिली भेट घेणे, आणि १९९५ च्या करारातले दोन आकडे त्यांच्यासमोर पुन्हा ठेवणे.